गेंड्याचा आवाज

आमच्या टीव्हीचा आवाज सोमवारी दुपारी चार वाजून सात मिनिटांनी गेला. वेळ इतकी नेमकी कशी काय आठवते, असं कुणी विचारू नये. मी घड्याळाकडेच बघत बसले होते. चार वाजून दहा मिनिटांनी गेंडा बसगाडीला किल्ली मारतो आणि शिंकतो, रोज. त्या दिवशी शिंकेला तीन मिनिटं उरली असताना टीव्ही गप्प झाला. चित्र चालू. खार तोंड हलवतेय, गेंडा तोंड हलवतोय, बसमधली सगळी जनावरं तोंडं हलवतायत आणि खोलीत आवाज म्हणाल तर पंख्याचा.

अडुसष्ट वर्षांची बाई भर दुपारी लहान मुलांचं कार्टून बघते, यावर ज्यांना काही बोलायचं असेल त्यांनी आताच बोलून घ्यावं, म्हणजे मला पुढचं सांगता येईल. झालं? बरं.

तो गेंडा माझा मुलगा आहे.

दिसायला नव्हे. दिसायला तो माझ्या माहेरच्यांवर गेलाय. आवाज त्याचा आहे. विमा कचेरीतली चांगली नोकरी, टेबल, खुर्ची, टेबलाला कुलूप लागणारा खण, हे सगळं सोडून तो आवाज काढायच्या धंद्यात गेला. काचेच्या खोलीत उभं राहायचं आणि पडद्यावरच्या जनावराने तोंड उघडलं की आपण बोलायचं. हे त्याने मला जेवताना सांगितलं. मी काय काय म्हणाले ते सगळं लिहीत नाही, शेवटचं तेवढं लिहिते. "तुझा आवाज या घरात पुन्हा ऐकू येता कामा नये." तो बायकोला घेऊन निघून गेला. त्याला साडेतीन वर्षं झाली. मी शब्दाची पक्की आणि तो माझ्या पोटचा, म्हणजे तोही पक्काच. त्याचं नाव आमच्या घरात निघत नाही. आमच्या ह्यांनी एकदा काढलं होतं, तेव्हा मी भरल्या ताटावरून उठले होते.

मग गेल्या वर्षी एकदा चादरींच्या घड्या घालताना उगाच बटणं दाबत होते, तर शिंक ऐकू आली. दोन मोठ्या आणि तिसरी गिळलेली. हातातली चादर हातातच राहिली. अठ्ठावीस वर्षं घरात ऐकलेली शिंक मला कळणार नाही? बघते तर पडद्यावर टोपी घातलेला गेंडा बस चालवतोय आणि रस्त्यातल्या एका सशाला म्हणतोय, "डोळे काय खिशात घालून फिरतोस?" हे वाक्य माझं आहे. "उभा काय, पायांना मुळं फुटली का?" हेही माझंच. चार-सहा दिवसांत लक्षात आलं की त्या गेंड्याच्या तोंडी निम्मं बोलणं माझं घातलेलं आहे. अपमान वाटला. सगळं जंगल मोकळं पडलं होतं, त्यातून आईसाठी ह्याला गेंडाच सापडला. मी रागाने टीव्ही बंद केला आणि दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा लावला.

कुणाला कळायचा प्रश्न नव्हता. हे त्या वेळी फिरायला जातात आणि मी दार लावून घेते.

तर आवाज गेला. खरं म्हणजे आधीचे पंधरा दिवस तो नीट नव्हताच. गेंडा घोगरा यायचा, मधेच फाटायचा. मी आवाज वाढवत वाढवत शेवटच्या रेघेपर्यंत नेला होता, टीव्हीचं तोंड माझ्याकडे वळवून घेतलं होतं, खुर्ची पुढे ओढली होती. यंत्र जुनं झालं, म्हटलं. माणसाचं वय होतं तसं त्याचंही होत असणार.

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरून आला. वरचीला आमच्या घरातली शांतता आधी ऐकू जाते आणि मग आवाज. "मावशी, बंद करून चालू करा." केलं. "तसं नाही, भिंतीवरचं बटण." तेही केलं. "आता दहा मिनिटं थांबून करा." ही बाई स्वतःच्या नवऱ्यालाही असंच वागवत असणार. संध्याकाळपर्यंत मी तो टीव्ही अकरा वेळा बंद केला आणि अकरा वेळा चालू केला. दर वेळी पडदा छान उजळायचा आणि सगळे मुक्याने बोलायचे.

मग खालचे मास्तर आले. भूगोल शिकवून निवृत्त झालेत, पण भूगोल अजून निवृत्त झालेला नाही. त्यांनी आमचे दोन्ही रिमोट हातात घेतले. एक टीव्हीचा, एक डिशच्या डब्याचा, दोन्हींना मी प्लास्टिकच्या पिशव्या चढवून रबर लावलेलं असतं. पिशव्यांवरून बोटं फिरवून ते म्हणाले, "वहिनी, उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतो."

"असू दे की. मी कुठे काढा म्हणते?"

"तसं नव्हे. आपली छत्री त्याच्याकडे तोंड करून हवी. तिची दिशा बिघडली असणार. चित्र हलकं, म्हणून येतंय. आवाज जड, म्हणून राहिलाय."

मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. शिकलेला माणूस ठामपणे बोलला की मला ते खरं वाटतं. आयुष्यात माझं जेवढं नुकसान झालंय ते असंच झालंय.

छत्री गच्चीवर. गच्चीची किल्ली इमारतीच्या सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी म्हणाला, "लेखी अर्ज द्या."

"किल्ली हवीय हो. गच्ची घरी नेणार नाहीये."

"नियम आहे, काकू. कारणासहित."

दिला. माझ्या हाताने लिहून दिला. "माझ्या टीव्हीचा आवाज गेला आहे. तो वर अडकला असल्याचे मास्तर म्हणतात. तरी किल्ली द्यावी." सेक्रेटरीने वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाला, "शेवटी 'ही नम्र विनंती' असं लागतं."

"मी नम्र नाहीये," मी म्हणाले. "खोटं कशाला लिहू?"

किल्ली मिळाली, पण मंगळवारी सकाळी. मास्तर होकायंत्र घेऊन वर चढले. हे जिन्याच्या मधल्या वळणावर, मी टीव्हीपुढे. मी "नाही" म्हणायचं, ह्यांनी तो "नाही" वर पोचवायचा. ह्यांनी पस्तीस वर्षं टपाल कचेरीत काढली आहेत, पण माझा "नाही" त्यांनी इतक्या सावकाश पोचवला की तोवर मास्तरांनी छत्री आणखी दोनदा फिरवलेली होती. चौथ्या "नाही"ला चित्रही गेलं. निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं.

मास्तर खाली आले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चला, निदान दोन्ही आता एकाच स्थितीत आहेत. आता कंपनीला सांगणं सोपं."

कंपनीला फोन लावला. आधी एक दाबा, मग चार दाबा, मग वाजंत्री ऐका. वीस मिनिटांनी एक मुलगी आली आणि म्हणाली, "आपल्या संयमाबद्दल धन्यवाद." तिला कुठे दिसला संयम, कोण जाणे. मी तक्रार सांगितली. ती म्हणाली, "मॅडम, जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच आम्हाला बोलता येतं." आणि तिने नाव वाचलं.

साडेतीन वर्षं या घरात न निघालेलं नाव एका परक्या मुलीने फोनमधून खणखणीत वाचलं. बापाच्या नावासकट. मी विसरूनच गेले होते. नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने हे डिश बसवून घेतलं होतं. आईची दुपार जात नाही, म्हणाला होता.

"ते घरात आहेत का, मॅडम?"

"आहेत," मी म्हणाले आणि फोन ह्यांच्या हातात कोंबला.

आमचे हे खोटं बोलण्यात अगदीच कच्चे. पस्तीस वर्षांत चुकीच्या तारखेचा एक शिक्का मारलेला नाही. एकाहत्तर वर्षांच्या घशातून म्हणाले, "हॅलो, बोलतोय."

"सर, खात्रीसाठी आपलं वय सांगाल?"

"एकाहत्... बत्तीस." आणि ठसका.

"आपली जन्मतारीख?"

ही मात्र त्यांनी घडाघडा सांगितली. तारीख, महिना, साल, वार आणि पहाटे पाच वाजून वीस मिनिटं.

"वेळ नको, सर," मुलगी म्हणाली. मग म्हणाली, "आपल्या नोंदणीकृत मोबाईलवर चार आकड्यांचा एक कोड पाठवलाय. तो सांगा."

हे माझ्याकडे बघायला लागले, मी भिंतीकडे. "आला नाही," ह्यांनी सांगितलं. तिने पुन्हा पाठवला. मग आणखी एकदा. कुठल्या गावात, कुठल्या खोलीत कोण जाणे, त्याचा फोन तीनदा वाजला असणार. मुलगी म्हणाली, "सर, कोडशिवाय तक्रार नोंदवता येत नाही. आणखी काही मदत करू शकते का?"

"नाही," हे म्हणाले. "एवढीच हवी होती."

फोन ठेवल्यावर हे बराच वेळ चष्म्याची काडी उघड-मीट करत बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "लावू का त्याला? नुसता आकडा विचारायला?"

"टीव्हीसाठी मी कुणापुढे वाकणार नाही," मी म्हणाले. मी ताटावर बसलेले नव्हते म्हणून उठून जाता आलं नाही, नाहीतर तेही केलं असतं.

बुधवार गेला. गुरुवार गेला. चार वाजले की मी निळ्या पडद्यासमोर बसायची, कारण बसायची सवय झालेली. बाजारातला एक दुरुस्तीवाला शोधला होता. तो दोन दिवस "पंधरा मिनिटांत पोचतो" म्हणत होता. शुक्रवारी साडेतीनला पोचला. पन्नाशीचा, अंगाने भरलेला. आला तो आधी खुर्चीत बसला, पाणी प्यायला आणि मग "काय झालंय?" म्हणाला. गच्चीवर जाऊन आला, तेव्हा पुन्हा बसला.

"काकू, वर छत्रीला कोणी हात लावला?"

"एका विद्वानाने."

मास्तर दारातच उभे होते. विद्वान म्हटलेलं त्यांना आवडलं.

चित्र आलं. मग तो टीव्हीच्या मागे वाकला आणि एक लाल आणि एक पांढरी अशा दोन वायरी हातात धरून दाखवल्या. "ह्या निघाल्यात. मागे फडकं मारलंत का? की टीव्ही ओढलात?"

"दोन्ही केलं. माझं घर आहे."

त्याने वायरी दाबून बसवल्या. एवढंच. चार दिवस, एक अर्ज, एक होकायंत्र आणि तीन वेळा चार आकडे, कशासाठी तर दोन वायरी. बातम्यांतला माणूस एकदम इतक्या जोरात ओरडायला लागला की वरची धावत खाली आली. शेवटच्या रेघेवर ठेवलेला आवाज मी विसरले होते.

"झालं, काकू. निघतो."

"थांबा," मी म्हणाले. "चारला बघायचंय."

"आत्ता येतोय ना आवाज?"

"येतोय. पण चारला बघायचंय. चहा घ्या."

माझ्या घरात दुरुस्तीवाल्याला चहा मिळाला हे बघून वरची खाली बसली. मास्तरही बसले. त्यांना घालवायचं कसं ते मला सुचेना, आणि घड्याळ कुणाची वाट बघत नव्हतं. चार वाजले. मी बटण दाबलं. बस आली, खार आली, टोपी घातलेला गेंडा आला. वरची म्हणाली, "अय्या मावशी, तुम्ही हे बघता?" मी तिच्याकडे बघितलंदेखील नाही. गेंड्याने बसगाडीला किल्ली मारली आणि तो शिंकला.

एकच शिंक. सरळ, कागद फाडल्यासारखी.

मग तो बोलायला लागला. पातळ, चलाख आवाज, दुकानात माल खपवणाऱ्यासारखा.

"आवाज नीट नाहीये," मी म्हणाले.

दुरुस्तीवाल्याने कान दिला. "काकू, याहून नीट आवाज मी माझ्या घरी ऐकलेला नाही."

"हा तो आवाज नाही. बदललाय. तुमच्या वायरी उलट्या लागल्यात."

"वायरी उलट्या लागून माणूस बदलत नाही, काकू."

"बघा तरी!"

बिचाऱ्याने बघितलं. वायरी उलट-सुलट केल्या. डब्याच्या आतल्या याद्या उघडल्या. भाषा बदलून बघितल्या. गेंडा चार भाषांत बोलला. मास्तर म्हणाले, "तिसऱ्या भाषेतला जास्त शिकलेला वाटतो." वरची हसली. मी तिलाही काही बोलले नाही, यावरून काय ते समजा. गेंडा परत आमच्या भाषेत आला आणि सशाला म्हणाला, "जरा बाजूला व्हा बघू." बाजूला व्हा बघू! डोळे खिशात नाहीत, मुळं नाहीत, काही नाही. दुरुस्तीवाला कपाळ पुसत म्हणाला, "काकू, खरंच सांगतो. टीव्हीचा आवाज आला की माझं काम संपतं. आता कोणाचा हवाय, ते मी कसं सांगू?"

"त्यांना सोड," मागून कोणीतरी म्हणालं. "सलूनमध्येही असाच येतोय. बुधवारपासून."

दारात आमचे हे उभे होते. रोजच्यापेक्षा लवकर फिरून आलेले.

मला आधी कळलंच नाही. ह्यांच्या डोक्यावरचे केस महिन्यातून एकदा कापावे इतकेही उरलेले नाहीत. हा माणूस सलूनमध्ये काय करतो? मग मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझ्या आधीपासून. तिथे बाकावर बसतो. पेपर धरून."

"मला बोलला नाहीत ते?"

"तू ताटावरून उठली असतीस."

दुरुस्तीवाला आपली हत्यारं पिशवीत भरायला लागला. मास्तरांनी वरचीला खूण केली. माझ्या घरातून लोक न सांगता उठून गेल्याची ही पहिलीच वेळ. जाताना मास्तर दार अगदी हळू ओढून घेऊन गेले.

"आणि आधी घोगरा यायचा तो?" मी विचारलं.

"तो तिथेही घोगराच होता."

दोन ठिकाणची दोन यंत्रं एकाच दिवशी म्हातारी होत नाहीत, एवढं तिसरी शिकलेल्या बाईलाही कळतं. पंधरा दिवस मी आवाज वाढवत बसले होते. पोराचा घसा फाटत होता आणि मी टीव्हीचं तोंड माझ्याकडे वळवत होते.

हे नंबराची वही काढायला उठले. "बसा," मी म्हणाले. "पाठ आहे मला."

सूनबाईने उचलला. मी "हॅलो" म्हणाले. मग ती म्हणाली, "आई? टीव्ही बिघडलाय ना? तीनदा मेसेज आले होते."

"टीव्ही झाला नीट," मी म्हणाले. "त्याचं काय ते सांग."

तिने सांगितलं. स्वरयंत्रावर गाठ होती. दहा दिवसांपूर्वी काढली. गाठ साधी निघाली, भिण्यासारखं काही नाही. पण महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. आवाज परत येईल का, आला तर पहिल्यासारखा येईल का, ते महिन्यानंतर बघून सांगणार. गेंड्याचं काम दुसऱ्याला गेलं. हे सगळं ती न थांबता बोलली, बरेच दिवस सांगायचं ठरवून ठेवल्यासारखं. "इथेच बसलेत," ती म्हणाली. "कानाला लावते. तुम्ही बोला. ते फोनवर बोट आपटतील. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आमचं घरात असंच चाललंय."

फोनमध्ये श्वास ऐकू यायला लागला. ह्यांनी खुर्ची सरकवून आपलं डोकं माझ्या डोक्याला लावलं.

साडेतीन वर्षांत मी त्याला ऐकवायची कितीतरी वाक्यं तयार केली होती. भांडी घासताना केली होती, देवापुढे बसून केली होती. काही तर फार चांगली होती. त्यातलं एक तोंडात येईना.

"जेवलास का?" मी विचारलं.

टक.

"दुखतंय?"

जरा वेळ लागला. टक, टक. हे खोटं होतं. लहानपणी गुडघा फोडून आला की असाच वेळ लावून "नाही" म्हणायचा.

"बाबाही आहेत इथे."

टक.

ह्यांना काहीतरी बोलायचं होतं. ते फोनच्या आणखी जवळ सरकले.

मी विचारलं, "माझ्यावर राग आहे अजून?"

टक. लगेच. विचार करायलासुद्धा थांबला नाही.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरचे दोन्ही रिमोट एकमेकांशेजारी सरळ लावले.

"असणारच," मी म्हणाले. "असू दे." आणखी काहीतरी म्हणायचं होतं. तिकडे श्वास येत होता, जात होता. मला वाटलं, आजारी माणसाला किती छळायचं.

"मग ठेवू का फोन?"

टक.

मी फोन कानापासून थोडा लांब केला. ह्यांनी माझं मनगट धरलं.

टक.